गुनव्होरचे उपाशी मासे

गुनव्होरने वीस वर्षं सॅमन माशांच्या कत्तलखान्यात काढली, आणि त्या कामाचं एक वळण तिच्या हाताला कायमचं पडलं. मासा कापायचा असेल तर आधी त्याला उपाशी ठेवायचं. पोट रिकामं असलं की मांस स्वच्छ राहतं. बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कत्तलखाना बंद पडला तेव्हा तिला संशोधन केंद्रातल्या टाक्यांमधले मासे सांभाळायचं काम मिळालं, तेही एका चाचणीपुरतं. पुढे काम मिळालं नाही तर बेट सोडून बोड्यो शहरात बहिणीकडे जावं लागणार होतं. आणि दोघी बहिणी एका घरात चार दिवस राहिल्या की भांड्याला भांडं लागलंच म्हणून समजा.

चाचणी तशी सोपी होती. निम्म्या टाक्यांना माशांच्या तेलाचं खाद्य, निम्म्यांना कॅनोलाच्या, म्हणजे मोहरीसारख्या एका बीच्या तेलाचं. संशोधन करणारी इंगेलाइव्ह तिशीतली. खाल्लेली चरबी आतड्यातून रक्तात वाहून न्यायला हमाल लागतात, आणि त्या हमालांना हाक मारणारी जनुकं असतात, असं तिने हातवारे करून समजावलं होतं. तेल बदललं की ती हाक बदलते का, एवढंच शेवटी मासे कापून त्यांच्या आतड्यात बघायचं. पोट रिकामं असेल तर कुणी नीट हाकच मारत नाही, हे सांगायचं मात्र त्या शहाणीला सुचलं नाही.

कापायच्या आदल्या दिवशी गुनव्होरने सगळ्या टाक्यांचं खाद्य बंद केलं. कुणाला विचारायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नाही.

सकाळी पहिल्या दोन-तीन माशांची आतडी मोकळी निघाली. इंगेलाइव्हचा चेहरा उतरला. खाद्य टाकणारं यंत्र बिघडलं असेल म्हणून ती तिकडे धावली. तेवढ्यात यंत्रांची देखभाल करणारा तोर्फिन गुनव्होरच्या कानाशी लागला.

"थंडीनं गोठलं म्हण. दर हिवाळ्यात गोठतंच की ते. यंत्राला काय, नोकरी जायची भीती नाही."

मोह झालाच तिला. पण मग पोरगी दिवसभर धडधाकट यंत्र खोलत बसली असती, आणि उरलेले मासेही तसेच उपाशीपोटी कापले जाऊन वाया गेले असते. गुनव्होर यंत्रापाशी गेली.

"यंत्र ठीक आहे, इंगेलाइव्ह. मासे मी उपाशी ठेवले. आम्ही कापायच्या आधी तसंच करतो."

इंगेलाइव्हने यंत्राचं झाकण परत लावलं.

"मीही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आता उरलेल्या माशांनी आठवडाभर नीट खाल्लं, तरच काही उपयोग. खातील?"

"खात नाहीत म्हणजे काय!"

बोलून गेली खरी, पण बिथरलेले मासे यंत्राच्या खाद्याकडे ढुंकून बघेनात. गुनव्होर एकेका टाकीपाशी उभी राहून हाताने चिमूट चिमूट टाकत राहिली, लाडीगोडी लावत, मधूनच शिव्या घालत. हळूहळू ते वर येऊ लागले.

आठवड्याने मासे कापले तेव्हा पोटं भरलेली होती. कॅनोलावाल्यांची आतडी दुधासारखी पांढरी निघाली. चरबी तिथेच अडकून पडली होती. जनुकांचा निकाल प्रयोगशाळेतून यायचा होता, पण इंगेलाइव्हची कळी आत्ताच खुलली होती. हात धुऊन ती गुनव्होरशेजारी कॉफी घेऊन बसली.

"मे महिन्यात नवी पिल्लं येतायत. खाद्यात काय घातलं की ही चरबी पुढे सरकेल, ते शोधायचंय. त्यांना भरवणार कोण?"

गुनव्होरचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मी," ती म्हणाली. "अगदी सुरी लागेपर्यंत भरवीन."