देवीचं लुगडं गादीवर राहिलं

चौऱ्याहत्तरची लग्नसराई सोलापुरात ज्यानं पाहिली नाही त्याला मी काय सांगू! दुष्काळात अडलेली लग्नं एकदम सुटली होती. सात रस्त्याजवळच्या आमच्या कापड दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी धोतरांच्या गादीवर आणि शेजारी लुगड्यांच्या गादीवर धोंडप्पा अण्णा. या माणसाविषयी बोलायचं म्हटलं की अजूनही मला उभं राहून बोलावंसं वाटतं.

अण्णा भवानी पेठेत दोन खोल्यांत राहायचे. शाळा फारशी नाही, पण मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषा जिभेवर. मंद्रूप, अक्कलकोटकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली की पायरीवरूनच विचारायची, अण्णा हायत का? ‘बर्री अव्वा’, या आजी, म्हणत अण्णा आधी त्या घरच्या म्हातारीला गादीवर बसवायचे. सगळ्यांचा चहा होईपर्यंत एक घडी उलगडायची नाही. मग पहिलं लुगडं देवीचं. म्हातारीनं त्याला हळदकुंकू लावलं की मानाची लुगडी सुरू. कुठल्या जावांत धुसफूस आहे, कुणाची आत्या मागच्या लग्नात रुसली होती, सगळं अण्णांच्या डोक्यात. थोरले मालक भीमाशंकरशेठ म्हणायचे, दुकानाचं कुलूप माझं, पण दार अण्णांचं.

त्या वर्षी शेठ अंथरुणाला खिळले आणि मुलगा शिवयोगी गल्ल्यावर बसला. पोरगा हुशार, पण तोंडानं भारी फटकळ. चहा पाजण्यात आणि गप्पा मारण्यात वेळ जातो, तेवढ्यात आणखी तीन गिऱ्हाइकं होतील, असं त्याचं गणित.

अशात मंद्रूपच्या मल्लव्वा आल्या. नातीचं लग्न, बरोबर तीस माणसं, आणि भावकीतली आणखी दोन लग्नं त्यांच्याच शब्दावर. एवढा मोठा बस्ता दुकानात कधी बांधला गेला नव्हता. अण्णांचा चेहरा असा फुललेला, जणू त्यांच्याच घरचं कार्य. चहा झाला. हिरवं इरकली लुगडं निघालं, मल्लव्वांनी हळदकुंकू लावलं. मग नवरीच्या मामीचं दोन रंगांत अडलं. अण्णा शांतपणे बारावं लुगडं उलगडत होते, तेवढ्यात शिवयोगी गल्ल्यावरून उठून आला, ते हिसकावलं आणि अण्णांच्या अंगावर फेकलं.

“धोंड्या, पगार कापड विकायला देतो, गप्पा मारायला नाही. आवर हा पसारा.”

बापाच्या वयाचा माणूस! अण्णांनी लुगडं उचललं आणि घडी घातली. कापड मोजायचा लोखंडी गज माझ्या हातात होता. तो मी मालकाच्या टाळक्यात घातला नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

मल्लव्वा काठी टेकून उठल्या.

“ज्या दुकानात आमच्या मानसाचा मान ऱ्हात न्हाय, तितनं मानाची लुगडी कशी न्यायची?”

तीस माणसं उठली, चपला घालून बाहेर पडली. अण्णांनीही टोपी घातली आणि ते घरी गेले. गादीवर देवीचं हिरवं लुगडं तेवढं राहिलं.

हळदकुंकू लागलेलं लुगडं परत फडताळात कोण ठेवणार? शिवयोगीनं दोनदा सांगितलं, पण आम्ही कुणी हात लावला नाही. तिकडे मंद्रूपच्या आठवडी बाजारात गोष्ट तोंडोतोंडी झाली. आठ दिवस पायरीवर तोच प्रश्न, अण्णा हायत का? नाही म्हटलं की मंडळी समोरच्या दुकानात. ऐन लग्नसराईत आम्ही माशा मारत बसलो, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

नवव्या दिवशी शिवयोगीनं ते लुगडं काखेत घेतलं, मला बरोबर घेतलं आणि भवानी पेठ गाठली. अण्णांच्या पाया पडून म्हणाला, चुकलो. अण्णांनी आधी लुगडं हातात घेतलं. हे देवीचं आहे, मंद्रूपला पोचवू, म्हणाले. परत यायचं की नाही, ते मल्लव्वा सांगतील.

एसटीत मी मनाशी एकच हिशेब मांडत होतो. म्हातारी नाही म्हणाली तर अण्णा कायमचे गेले, आणि दुकानही गेलंच.

मल्लव्वांच्या ओसरीवर बस्त्याची गाठोडी रचलेली होती. दुसऱ्या दुकानातली. देवीसाठी मात्र त्यांनी दुसरं घेतलं नव्हतं. एकदा हळदकुंकू लावलं ते लावलं. अण्णांच्या हातून लुगडं घेऊन त्यांनी डोळ्यांना लावलं, पैसे मोजून अण्णांच्याच हातात दिले. मग शिवयोगीकडे वळल्या.

“बस्ता तर गेला की रं तुजा. आता ह्येचा मान कोन राखनार?”

“मी राखीन, अव्वा.”

“बघू. अजून दोन लग्नं हायत.”

बस्स! मला तिथंच नाचावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटकडची मंडळी घरच्या म्हातारीला घेऊन आली. पायरीवरून तोच प्रश्न, अण्णा हायत का? मी तोंड उघडायच्या आत शिवयोगी उठून पायरीपर्यंत गेला. “आहेत ना. या, बसा.” मग स्वतः चहा घेऊन आला आणि पहिला कप अण्णांपुढे धरला.

अण्णांनी तो हळूच गादीवरच्या म्हातारीकडे वळवला. “आधी अव्वांना,” ते म्हणाले.

शिवयोगीनं मान हलवली आणि म्हातारीपुढे वाकून कप धरला.