भरलेला चुडा आणि अडकलेला रुपया

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या बाजारात भाजी घेत होते. आत्याची सून, माझी वहिनी, एवढंच म्हणाली, "सकाळचा चहा घेतला, आणि..." त्याला आता महिना उलटून गेला.

शहापूरच्या बाजारपेठेत आत्याचं बांगड्यांचं दुकान, दोघीतिघी बसतील एवढंच. लहानपणी सुट्टी लागली की मी तिथेच. काचेची किणकिण, आणि मुरबाडकडून, उंबरमाळीच्या डोंगरातून आलेल्या बायकांच्या गप्पा... बांगड्या भरता भरता आत्याला साऱ्या तालुक्याची खबर लागायची.

अलीकडे तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने, तिच्या फोनवर सरकारचा डिजिटल रुपया सुरू करून दिला. खात्यातले पैसे वेगळे, ही फोनच्या पाकिटातली नोटच समज, असं त्याने सांगितलं होतं. आत्याला ते आवडलं. सुट्ट्या पैशांची कटकट गेली.

मग एका लग्नसराईत मुरबाडकडच्या सुगंधाबाई लेकीला घेऊन आल्या. आत्याने नवरीचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले. सुगंधाबाईंनी फोनवरून डिजिटल रुपये पाठवले. त्यांच्या पाकिटातून ते गेले, आत्याच्या पाकिटात मात्र आलेच नाहीत. पुन्हा द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "काकी, उतरवा बांगड्या. दुसरा इलाज नाय." पोरीने हात मागे घेतले. नवरीचा चुडा उतरवायचा म्हणजे काय, ते तिघींनाही कळत होतं. आत्या म्हणाली, "भरलेला चुडा मी उतरवायची नाय. लगीन होऊ दे. पैशाचं आपण दोघी बघू."

लग्न पार पडल्यावर दोघी बँकेत गेल्या, मीही सोबत होते. तिथल्या साहेबांनी समजावलं की हा रुपया नोटेसारखाच, एकदा हातातून गेला की बँक तरी काय करणार. आत्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, नोट पडली तर मी वाकून शोधते. ही कुठं पडली ते तुमच्याशिवाय कोणाला दिसनार? तुमी शोधा, आमी बसतो."

आणि त्या खरंच बसल्या, दुपारपर्यंत. शेवटी तक्रार लिहून घेतली गेली, तिचा क्रमांक मिळाला. पुढे आत्याने बँकेच्या खेपा घातल्या, दर वेळी सुगंधाबाईंना फोन लावून काय झालं ते सांगितलं. काही आठवड्यांनी पैसे सुगंधाबाईंच्या पाकिटात परत आले आणि त्याच दिवशी त्या चुड्याचे पैसे द्यायला दुकानात हजर झाल्या. आत्याने आधी लेकीची खुशाली विचारली. नंतर कुणाचे पैसे असे अडकले की बायका तिच्याकडे यायच्या, आणि ती दुकान वहिनीवर सोपवून त्यांच्यासोबत बँकेत जायची.

परवा दुकानात गेले होते. गिऱ्हाइकाचा हात टेकवायला आत्याने शिवलेली छोटी उशी अजून तिथेच आहे. इतक्या जणींची मनगटं तिच्यावर विसावली की मध्ये खोलगट झालीय. वहिनीने अभ्रा नवा घातला, आतला कापूस मात्र पिंजून घेतला नाही. मी सहज त्या खोलगट जागेत हात ठेवला... आणि बराच वेळ तसाच राहू दिला.