लताताई, साहेब आणि पुण्याचं ॲप

पोलीस ठाण्यातली मुद्देमालाची खोली कधी ना कधी रिकामी होते, किश्श्यांची होत नाही! एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा येतोच. त्यातून आमचा नंदुरबारचा सायबर सेल म्हणजे तीन टेबलं, एक कूलर आणि तोंडाला कुलूप नसलेली माणसं.

तर झालं असं, की पुण्याची एक कंपनी पोरांसाठी ॲप बनवत होती. कोणी अनोळखी माणूस चॅटवर पोरांकडे नको ते फोटो मागायला लागला, की ॲपनं ते ओळखायचं, पोरांना सावध करायचं आणि आमच्याशी बोलायची सोय करून द्यायची. चाचणी आमच्या जिल्ह्यात होती. म्हणून ॲपला अक्कल शिकवायचं काम आमच्याकडे आलं! साहेब म्हणजे आमचे पीआय, हेड कॉन्स्टेबल लताताई आणि मी. कंपनीकडून तन्वी नावाची इंजिनीअर.

लताताई शहाद्याकडच्या. आदल्या साली एक पोरगी त्यांच्यापुढे येऊन बसली होती, पण सगळं होऊन गेल्यावर, तिची शाळा कायमची सुटल्यावर. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. पहिल्याच मीटिंगला त्यांनी तन्वीला बजावलं, "पोर टाईमवर बोलनी पाहिजे. बाकी तुमनं मशीन कितलंबी हुशार ऱ्हावो!"

०

तन्वीला नमुने हवे होते. बदमाश माणूस पोरांना काय लिहितो, ते तिला मशीनला शिकवायचं होतं. साहेब म्हणाले, "पंचवीस वर्षं बदमाशांमध्येच गेली. मी लिहितो." दार लावून बसले आणि दुपारी कागद बाहेर आला.

"मी, सदर इसम, सदर मुलीस कळवितो की, तिने आपला फोटो विनाविलंब सदर क्रमांकावर पाठवावा."

पंचनाम्याशिवाय दुसरं काही लिहायची हाताला सवयच नाही! तन्वीनं तो मजकूर मशीनला दिला. मशीननं उत्तर दिलं, "धोका नाही. सरकारी कार्यालय."

०

मग लताताईंनी सांगितलं. असल्या किती जणांची चौकशी त्यांनी समोर बसून केलेली. "तो पहिले वंगाळ बोलत नही. मायपेक्षा गोड बोलस. आनि मग म्हनस, कोनले सांगू नको."

तन्वी लिहायची थांबली. तोवर तिचं मशीन नुसते घाणेरडे शब्द शोधत होतं. तिनं सगळं बदललं. आता 'कोणाला सांगू नको' आलं की मशीन कान टवकारणार.

चाचणीसाठी साहेबांनी मोठ्या मनानं आपला फोन दिला. मशीननं पाच मिनिटांत अलार्म दिला. साहेबांनी स्वतःच्या मुलीला लिहिलं होतं, "आइस्क्रीम आणतोय. आईला सांगू नको."

आम्ही सगळे कूलरकडे बघायला लागलो. लताताई म्हणाल्या, "साहेब, मशीन बरोबर बोली ऱ्हायनं!"

०

एकदा तन्वीचा पुण्याहून फोन आला. आवाज घाबरलेला. चाचणीतले फोन, पोरांचे आणि मोठ्यांचे, तिला तिकडे नकाशावर दिसायचे. तोरणमाळच्या घाटात एका वळणावर रोज संध्याकाळी बरीच पोरं जमतात, आणि सोबत एक मोठा माणूस असतो! आम्ही तिघांनी जीप काढली.

वर गेलो तर खरंच पोरं होती. मधोमध आश्रमशाळेचे सर दगडावर उभे, फोन धरलेला हात आभाळाकडे. आम्हाला बघून म्हणाले, "साहेब, या या. टॉवर इथंच लागतो!"

तेवढ्या टापूत तेवढी एकच जागा. सर तिथून रिपोर्ट पाठवायचे, पोरं गाणी उतरवून घ्यायची. गाडी एवढी वर आणलीच आहे, तर आम्हीही उभं राहून घरी फोन लावले, मेसेज बघितले.

उतरायला लागणार तोच तन्वीचा पुन्हा फोन. "सर, लवकर पोहोचा! तिथं आता चार मोठी माणसं झालीत!"

०

आणि ते धडगावकडचे आजोबा! तन्वीनं ॲपला आवाज दिला होता. धोका दिसला की फोन मोठ्यानं बोलायचा, "बाळा, घाबरू नकोस, तुझी काही चूक नाही." आम्ही चाचणीचा एक मेसेज सगळ्या फोनवर सोडला. आता डोंगरात घरटी फोन एक. तो नातीच्या हातात असेल, तसा आजोबांच्या खिशातही असेल.

तिसऱ्या दिवशी आजोबा फोन घेऊन हजर. आम्हाला वाटलं, तक्रार. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत मला असं कोणी बोललं नाही. परत लाव."

आम्ही परत लावलं. दोनदा लावलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं!

लताताई मात्र हसल्या नाहीत. "आनि हाई पोरना बापनी ऐकं ऱ्हातं तं? फोन गया, शाळा गयी." त्या संध्याकाळीच तन्वीनं आवाज बंद केला. आजोबांचा तेवढा राहू दिला.

०

शेवटचं भांडण पहिल्या प्रश्नावरून झालं. पोरीनं आमच्याशी बोलायचं बटण दाबलं की तिला आधी काय विचारायचं? तन्वीच्या स्क्रीनवर होतं नाव, वय, गाव. साहेबांना हवं होतं घटनेचं ठिकाण आणि वेळ. लताताई म्हणाल्या, "पहिले इचारा, जेवनी का?"

तन्वी म्हणाली, "ताई, या माहितीचा उपयोग काय?"

"मी सगळास्ले हाईच इचारस."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण पोरींना समोर बसवून बोलतं केलेलं आमच्यात लताताईंनीच. तेव्हा चाचणीपुरतं ठेवू, असं ठरलं. बटण दाबलं की स्क्रीनवर यायचं, "जेवलीस का?"

कित्येक दिवस कोणी दाबलं नाही. तन्वी नंदुरबारला मुक्कामीच होती आणि सारखी स्क्रीन उघडून बघायची. मीही मनात म्हणालो, गेलं हे ॲप.

एका दुपारी आमची जेवणं आटोपली होती. लताताईंनी भाकरी आणि उडदाची दाळ संपवून बोटं चाटली होती. तेवढ्यात स्क्रीनवर एक शब्द आला.

"नाही."

कोण, कुठली, काही नाही. थोड्या वेळानं दुसरी ओळ आली. "दोन दिवसांपासून जेवावंसं वाटत नाही."

ॲपचं तयार उत्तर होतंच. तन्वीचं बोट ते पाठवायच्या बटणावर गेलं. लताताईंनी तिचा हात बाजूला केला, खुर्ची ओढली आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "मी पण नाही जेवले अजून. बोल."

आम्ही त्यांच्या खुर्चीमागे जमलो. मग पलीकडून टायपिंग सुरू झालं.

साहेबांनी लताताईंचा रिकामा डबा उचलला, हळूच झाकण लावलं आणि टेबलाखाली ठेवून दिला.