पाकिटातली सिरिंज वाकवणारी बाई

पुरानं भामरागडचा रस्ता तोडला होता. लेक हिवतापानं फणफणली होती आणि दवाखान्यात इंजेक्शनच्या औषधाची एकच कुपी उरली होती. नर्सबाई मात्र सिरिंजचं पाकीट उजेडात धरून, न फाडताच आतल्या सिरिंजची कड अंगठ्यानं वाकवत होत्या.

"काऊन उशीर करून राह्यल्या, बाई?" मी खेकसलो.

तेवढ्यात कड कट्‌कन तुटली.

"कारखान्यात किरणांनं सिरिंजवरचे जंतू मारते, भाऊ. पण त्यानं प्लास्टिकही म्हातारं होते. ठेवून ठेवून पिवळं पडते, तुटते. भरलेलं औषध सांडलं, तर दुसरं कुठून आणू?"

दुसरी सिरिंज वाकली, पण तुटली नाही. मग त्यांनी कुपी उघडली.

आज लेकीला शाळेत सोडून आलो. त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. अंगठा मात्र कुठंही ओळखीन.