विजयमालाबाईंचं नाक

विजयमालाबाईंचं नाक फार तिखट होतं. व्हरांड्यातून कोण येतंय ते त्यांना मान वळवायच्या आधीच वासावरून कळायचं. गंमत अशी, की शेणामुताचा वास त्यांना कधी वास वाटलाच नाही. जळोचीच्या मळ्यात गोठ्याला लागून असलेल्या खोलीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. सकाळी म्हशीची धार काढून मग शाळेत गेल्या आणि त्याच हातांनी पुढं पुण्याला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्या. त्यांना किळस यायची ती वासावर वास मारणाऱ्यांची. मुतारी धुवायची सोडून तिच्या दारात उदबत्ती खोचणाऱ्यांची. नव्वदच्या दशकात त्या इंदापूर रस्त्यावरच्या ज्या कॉलेजात शिकवत होत्या, तिथं अशा माणसांचा तोटा नव्हता.

विज्ञान शाखेच्या दारात एक मोठा फळा होता. बाईंचं अक्षर चांगलं, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडलेला. दर सोमवारी त्यावर तीन रकाने भरायचे: येणारे कार्यक्रम, शिकवण्याच्या युक्त्या आणि पर्यावरणासाठी काय करता येईल. मजकूर प्राचार्य मोहनराव पाठवायचे. कार्यक्रम म्हणजे कुणाचा तरी सत्कार. युक्ती म्हणजे 'विद्यार्थ्यांशी सुसंवाद साधावा', आणि ही युक्ती सांगणारा माणूस स्वतः पिवळ्या पडलेल्या नोट्स मान वर न करता वाचून दाखवायचा. पर्यावरणाच्या रकान्यात 'झाडे लावा' ठरलेलं. स्कूटर लावायला सावलीची शेड पाहिजे म्हणून दारातला जुना लिंब याच मोहनरावांनी पाडला होता. ते खोटं स्वतःच्या हातानं फळ्यावर उतरवताना बाईंच्या तोंडाची चव जायची. मग त्या नळावर जाऊन खडूचे हात पुन्हा पुन्हा धुवायच्या.

त्यातल्या त्यात एकच गोष्ट खरी होती. प्रयोगशाळेच्या मागं बाईंनी गांडूळखताचा खड्डा केला होता. मुलींच्या वसतिगृहातलं उष्टं-खरकटं, पालापाचोळा आणि शेजारच्या वस्तीवरचं शेण त्यात पडायचं. बाई तास घ्यायच्या ते खड्ड्याच्या काठावर. "फळ्यावरचं गांडूळ वळवळत न्हाय. हात घाला," म्हणायच्या. पहिल्या दिवशी प्रतीक्षा नावाची मुलगी नाकाला ओढणी लावून पळाली होती. वर्ष सरेपर्यंत तीच पोरगी गांडुळं तळहातावर घेऊन नव्या मुलींना दाखवायला लागली.

कळस गावात कॉलेजचं शिबिर झालं, तिथं बाईंना सरुबाई भेटली. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवली की वर्षभराच्या खताची सोय व्हायची. मग मेंढरं गेली, पाट आला, ऊस आला, आणि पाणी पिऊन पिऊन रान चोपण झालं. वर पांढरी खार फुटली.

"बाई, माजं रान मेल्यालं हाय," ती म्हणाली. "तुमच्या खड्ड्यातलं जित्राब मला द्या. उसाच्या नव्या लागणीच्या आत खत झालं पायजे."

बाईंनी शब्द दिला. मोहनरावांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी त्याचा लगेच कार्यक्रम केला. विद्यापीठातून पाहुणे यायचेच होते. त्यांच्या हस्ते शेतकरी महिलेला गांडुळं द्यायची, फोटो काढायचा. फळ्यावर तिन्ही रकान्यांत एकच गोष्ट आली. लिहिताना बाईंना पहिल्यांदाच हात धुवावेसे वाटले नाहीत.

आदल्या दिवशी मोहनराव नाकाला रुमाल लावून खड्डा बघायला आले.

"मॅडम, हा वास कसला येतोय?"

"मातीचा आहे, सर."

"तोही नको."

बाईंना वाटलं, थट्टा करतायत.

शनिवारी सकाळी त्या एस.टी.तून उतरल्या आणि फाटकातच थबकल्या. फिनेल. आधी वाटलं, मुताऱ्या धुतल्या असतील, चला, पाहुण्यांच्या निमित्तानं का होईना. पण वास प्रयोगशाळेच्या मागून येत होता. खड्ड्याभोवती चुन्याची रेघ मारली होती, कोपऱ्यावर रांगोळी होती, आणि झाडलोट करणारी द्वारकाबाई रिकामे डबे घेऊन अवघडून उभी होती.

"काल तुमी गेल्यावर सायेब म्हनले, पार खालपर्यंत वत. मी म्हनलं, बाईंना इचारते. तर म्हनले, खड्डा बाईंचा न्हाय, कॉलेजचा हाय."

बाईंनी बाही सारून हात आत घातला. बोटांशी काहीच वळवळलं नाही. मूठ वर आली तर गांडुळं पांढरट आणि लिबलिबीत, शिजून गळालेल्या शेवयांसारखी. जन्मभर शेणात हात घातलेल्या बाईंना त्या दिवशी ओकारी आली.

तशाच हातानं त्या मोहनरावांच्या खोलीत गेल्या. ते अत्तर लावून आरशात बघून टाय नीट करत होते.

"सर, सगळी मेली. आता सरुबाईला काय द्यायचं?"

"वरनं चांगली माती पसरा. बादलीत कोण हात घालतंय? ती घरी जाऊन बघेल तेव्हा बघेल."

माणसाच्या अंगाला एवढा अत्तराचा वास कशाला लागतो, ते बाईंना कळलं. त्या सरुबाईला गाठायला धावल्या, पण तोवर तिला मंडपात नेऊन स्टेजवर बसवलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, मांडीवर ओल्या पोत्याचं अस्तर घातलेलं घमेलं. गांडुळांना वाटेत ऊन लागू नये म्हणून कळसहून येतानाच ते भिजवून आणलं होतं.

नावं पुकारली गेली. पाहुणे उठले, फोटोवाला पुढं सरकला. कुणीतरी बादली आणून पाहुण्यांच्या हातात दिली. वर छान भुसभुशीत काळी माती. बाई खालून उठल्या, स्टेजवर चढल्या, पाहुण्यांच्या हातातली बादली घेतली आणि टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पालथी केली.

"ही गांडुळं काल फिनेल टाकून मारली," त्या म्हणाल्या. "वास येऊ नये म्हणून. या बाईंना मेलेली देणार होते. यांनी ती रानात टाकली असती."

चादरीवरून फिनेलचं पाणी ठिबकत होतं. पाहुण्यांनी रुमाल काढला. आता काहीतरी होणार, निदान कुणाला तरी लाज वाटणार, असं बाईंना क्षणभर खरंच वाटलं.

मोहनराव हसत माइकपाशी आले. "रासायनिक द्रव्यं मातीतल्या जिवांचा कसा घात करतात, हे आमच्या मॅडमनी प्रत्यक्ष दाखवलं. हीच आमच्या विद्याशाखेची शिकवण्याची पद्धत. टाळ्या झाल्या पाहिजेत."

आणि टाळ्या झाल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. वर बाईंच्या खांद्यावर शाल आली. बाईंना त्या शालीची, त्या टाळ्यांची, पहिल्या रांगेत माना डोलावणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची अशी शिसारी आली, की त्यांनी शाल तिथंच त्या चिखलावर टाकली आणि सरुबाईचा हात धरून खाली उतरल्या. 'मॅडम भावनाविवश झाल्या', माइक मागून म्हणाला.

फाटकाशी सरुबाईनं घमेल्यातलं पोतं पिळलं.

"बाई, माज्या रानाचं काय मग?"

"मी आणून देते. डाळजला एकाकडं खड्डा आहे, तिथनं आणते. लागणीच्या आत आणते."

सरुबाईनं मागं मंडपाकडं पाहिलं. लोक आता जेवायला उठत होते.

"आना. पन हितलं काय बी नगं."

सोमवारी फळ्यासाठी चिठ्ठी आली: 'विजयमाला मॅडम यांचे गांडूळखतावर यशस्वी प्रात्यक्षिक.' बाईंनी चिठ्ठी खिडकीबाहेर टाकली. तिन्ही रकाने पुसले आणि फळाभर आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'खड्ड्यातली गांडुळं प्राचार्यांच्या सांगण्यावरून फिनेल टाकून मारली. सरुबाईंना द्यायला एकही उरलं नाही.' खाली सही केली आणि तासाला गेल्या.

तास संपवून आल्या तेव्हा फळा कोरा होता. नुकताच पुसलेला, अजून ओला. बाईंना जवळ जायची गरज पडली नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकालाच त्यांना फिनेलचा वास आला.