दोरी कोण ओढणार

माझी नात पुण्यात कंप्युटरवर जगभरच्या जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मांडते. पुढे माणसं किती पाणी उपसतील, ते त्यात दिसतं म्हणे. मे महिन्यात ती घरी आली, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, बोअरचा हट्ट धरला होता. आमचं घर रोह्याखाली, खाडीलगत.

नात म्हणाली, "बोअर मारून उपसा वाढवला तर खाडीचं पाणी आत शिरेल. विहीर खारट होईल."

खारट पाण्यात डाळ शिजत नाही. मी नातीची बाजू घेतली.

सून भडकली. "आई, तुम्ही दोघी नुसत्या बोलताय. विहिरीवर दोरी मी ओढते."

खरंच होतं ते.

नातीनं मला विचारलं, "आजी, बोअर झाली तर तू किती पाणी वापरशील?"

"बटण दाबायचं असेल तर भरपूर."

"हेच आम्ही मांडतो. कष्ट कमी झाले की वापर वाढतो."

"मग दोरी तुझ्या बापाला ओढू दे."

मुलगा धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून चहा पीत बसला होता. त्याला नाही म्हणता आलं नाही. बोअर मारायची राहिली. आता तो रोज ओरडतो, "आये, अंघोळीला दोन बादल्या कशाला गो?"

सून तिसरी मागते.