रेचा थांबला की

अमरावतीच्या त्या गल्लीत सत्यभामेचा रेचा सगळ्यांना ठाऊक होता. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचं हातयंत्र. त्याची कुरकुर सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तर तिला पाणी प्यायलाही सवड नसे.

रेच्याशेजारीच तिच्या पुंजारामची झोळी टांगलेली. या पोराला अंगाई लागत नसे, कुरकुर लागे. रेचा थांबला की डोळे टक्क उघडे! सत्यभामा लाडानं म्हणायची, "माह्यापेक्षा यालेच कामाची घाई."

शेजारच्या गंगूबाईनं सात लेकरं वाढवलेली. तान्हं दुधापुरतं जागं होतं, रांगणारं दिवसातून दोन-तीनदा निजतं आणि चालायला लागलं की दुपारची एकच झोप उरते, असं ती सांगायची. झोपेवरून ती पोराचं वय ओळखी, आणि सहसा चुकत नसे.

त्या माघात पुंजाराम दीड वर्षाचा होता. दोन दिवस तो सकाळी झोपला, दुपारी झोपला, तिन्हीसांजेलाही झोपला. गंगूबाई दारातूनच म्हणाली, "अवं सत्यभामा, चालतं पोर इतकं निजत नसते. अंग पाह्य त्याचं. वैदाले बोलाव."

"झोपू द्या ना वो मावशी. तेवढाच कापूस निघून राहिला."

अंग जरा कोमट होतं. दात येत असतील, असं तिनं धरून घेतलं. पोर शांत निजलं तर कोणत्या आईला वाईट वाटतं? मला तिचा राग येत नाही. राग येतो तो कापसाच्या त्या मेल्या भावाचा.

तिसऱ्या दुपारी ढीग संपला आणि तिनं रेचा थांबवला. झोळी हलली नाही. तिनं हाक मारली. मग रेचा थोडा फिरवून पुन्हा एकदम थांबवला. पुंजाराम उठला नाही.

लढाई संपली, भाव पडला, सत्यभामा म्हातारी झाली. गल्लीत कुणाचं लेकरू जास्त वेळ निजलं की ती जाऊन त्याला हलवून उठवी. आया करवादायच्या, "काहून उठवता वो? आत्ता तर निजलं होतं!" लेकरू भोकाड पसरी. शिव्या खात ती उंबऱ्यातच उभी राही. तेवढं रडणं तिला ऐकायचं असे.